वाळवंटातला बहुरूपी

१८५३ साल उजाडलं तेव्हा आजच्या ॲरिझोना राज्याचा दक्षिण भाग अमेरिकेत नव्हता. तो मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात मोडत होता. त्या वर्षीच्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने आपल्या संग्रहातल्या उत्तर अमेरिकी सापांची एक जाडजूड यादी छापली. स्पेन्सर बेअर्ड आणि चार्ल्स जिरार्ड हे तिचे कर्ते. मेक्सिकोशी झालेल्या युद्धानंतर नवी सरहद्द आखायला जी माणसं पाठवली होती, त्यांपैकी कर्नल जे. डी. ग्रॅहम यांच्याकडून संग्रहात आलेल्या एका लहानशा सापाची नोंद या यादीत आहे. सोनोरातून आला म्हणून त्याच्या कुळाचंच नाव ‘सोनोरा’ ठेवलं गेलं आणि जातीचं ‘सेमिॲन्युलाटा’. वर्ष संपता संपता, ३० डिसेंबरला, अमेरिकेने मेक्सिकोशी जमीनखरेदीचा करार केला आणि पुढच्या वर्षी एक कोटी डॉलर मोजून हा सगळा पट्टा ताब्यात घेतला. पहिला नमुना नेमका कुठला याचा विचार करताना नंतरच्या अभ्यासकांनी टूसॉनच्या दक्षिणेकडच्या सांता रिटा डोंगररांगेच्या आसपासचा मुलूख ठरवला. म्हणजे सोनोराचं नाव लावणाऱ्या या सापाचं अधिकृत मूळ गाव ॲरिझोनात आहे. साप जिथे होता तिथेच राहिला, सरहद्द त्याच्या डोक्यावरून निघून गेली.

इंग्रजीत याला ‘ग्राउंड स्नेक’ म्हणतात. आपण भुईसाप म्हणू. आकाराने वीतभर ते हातभर, जाडीला पेन्सिलीएवढा. डोकं मानेपेक्षा जेमतेम रुंद, खवले गुळगुळीत आणि चमकदार. रॅटलस्नेकसारखं खुळखुळ वाजवून दरारा निर्माण करायचं साधन त्याच्याकडे नाही आणि माणसाला इजा करण्याची कुवतही नाही. त्यामुळे वाळवंटावरच्या पुस्तकांत त्याच्या वाट्याला बहुधा दोन-तीन ओळी येतात. मला तो अन्याय वाटतो. उत्क्रांतीचे जे मोठे प्रश्न लोक हत्ती-वाघांकडे बघून सोडवू पाहतात, त्यांतला एक या पेन्सिलीएवढ्या जनावराने उलगडून दाखवला आहे, आणि दाखवताना नवा एक घोळही घालून ठेवला आहे.

तो घोळ रंगाचा आहे. ॲरिझोनातल्या एखाद्या खडकाळ उतारावर एका दगडाखाली तपकिरी-करड्या रंगाचा, अंगावर काहीही नसलेला भुईसाप सापडावा. शेजारच्या दगडाखाली पाठीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत लाल-केशरी उभा पट्टा असलेला. पलीकडे फिकट अंगावर काळे आडवे पट्टे असलेला. आणि चौथ्या दगडाखाली लाल पाठ आणि तिच्यावर काळे आडवे पट्टे असा दोन्ही ल्यायलेला. चारही एकाच जातीचे. नर-मादीचा फरक नाही, वयाचा नाही, ऋतूचा नाही. जो ज्या रंगात अंड्यातून बाहेर येतो, त्या रंगात जगतो. आपल्याकडे दारात कधी पोलीस, कधी साधू होऊन येणारा बहुरूपी एकच माणूस असतो. इथे एकेका सापाला आयुष्यभर एकच वेश, पण सगळी जात मिळून बहुरूपी.

एकोणिसाव्या शतकातल्या निसर्गशास्त्रज्ञांना हे उमगणं कठीणच होतं. त्यांच्यापुढे यायचे ते स्पिरिटच्या बाटलीतले, लाल रंग उडालेले, दूरदूरच्या छावण्यांमधून आलेले एक-दोन नमुने. एक पट्टेरी, एक साधा. मग दोन जाती. टेक्सासच्या बाजूच्या भुईसापाला रॉबर्ट केनिकॉट यांनी १८५९ मध्ये ‘एपिस्कोपा’ म्हणून वेगळं नाव दिलं, पुढे इतरांनी आपापली भर घातली. १९३८ मध्ये आणि पुन्हा १९४३ मध्ये विल्यम स्टिकेल या तरुण अभ्यासकाने या पसाऱ्यात थोडी शिस्त आणली. (हे स्टिकेल पुढे पटक्सेंटच्या वन्यजीव संशोधन केंद्रात गेले. त्यांची पत्नी ल्युसिल स्टिकेल यांनी डीडीटीसारख्या कीटकनाशकांचा पक्ष्यांवर होणारा परिणाम तिथेच अभ्यासला आणि त्या केंद्राच्या संचालक झाल्या. या घरातलं मोठं नाव त्यांचं आहे.) शेवटी १९७९ मध्ये डॅरेल फ्रॉस्ट आणि थॉमस व्हॅन डेव्हेंडर यांनी पूर्वेकडचा ‘एपिस्कोपा’ आणि पश्चिमेकडचा ‘सेमिॲन्युलाटा’ यांत भिंत उभी करण्यासारखं काही नाही, असं दाखवून दोन्ही एक केले. त्या मांडणीप्रमाणे या जातीचा पसारा आयडाहो-ऑरेगॉनच्या थंड झुडपी वाळवंटापासून टेक्सास, कॅन्सस, मिसूरीच्या कोपऱ्यापर्यंत आणि खाली उत्तर मेक्सिकोत पार दुरँगोपर्यंत धरला जातो.

एवढ्या मोठ्या मुलखात त्याला लागतं मात्र थोडंच. भुसभुशीत माती, तिच्यात जरा ओल, आणि वर झाकण म्हणून दगड किंवा झुडपाच्या बुंध्याशी साचलेला वाळूचा ढिगारा. नैर्ऋत्य अमेरिकेत पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या कोरड्या ओढ्यांना ‘वॉश’ म्हणतात. त्यांच्या काठची मेस्किटची झुडपं ही भुईसापाची आवडती जागा. मेस्किट म्हणजे आपल्या माळरानांवर माजलेल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. वेडी बाभूळही मूळची तिकडचीच, एकोणिसाव्या शतकात भारतात आणलेली. आपल्याकडे तिला शिव्या पडतात. तिकडे तिच्या बहिणीच्या मुळांशी अख्खं एक जग नांदतं.

त्या जगात भुईसाप काय खातो? कोळी, विंचू, गोमी, नाकतोडे, रातकिडे, अळ्या. कोळ्यांत ब्लॅक विडोही आली, जिच्या चाव्याने माणूस दवाखान्यात जातो. भुईसापाच्या वरच्या जबड्यातल्या मागच्या दातांच्या बाहेरच्या अंगाला उथळ खोबणी असतात. भक्ष्य चावून धरलं की लाळ या खोबणीतून जखमेत उतरते आणि छोट्या किड्यावर तिचा काहीसा अंमल होत असावा, असं मानतात. माणसाच्या दृष्टीने तो बिनविषारीच. उंदीर-बेडकांच्या मागे लागणाऱ्या सापांच्या गर्दीत याने विंचू-कोळ्यांचं खातं धरलं, आणि वाळवंटात हे खातं कधी रिकामं नसतं. पाणीही बरंचसं त्याच खाण्यातून मिळतं.

बाकीचा संसार साधा आहे. वसंतात मिलन, उन्हाळ्यात चार-सहा अंडी, उन्हाळा सरता सरता पिल्लं. मिलनाच्या काळात नर एकमेकांना विळखे घालून झटापट करतात. टेक्सासमधल्या भुईसापांच्या अशा झुंजीचं वर्णन १९७१ मध्ये छापून आलं आहे. उन्हाळ्यात तिथली वाळू दुपारी साठ अंशांवर तापते, म्हणून सगळा व्यवहार संध्याकाळनंतरचा.

माझा भाचा फिनिक्सजवळच्या चँडलर गावात चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो. या भागात मराठी घरं पुष्कळ आहेत, गणपती बसतात, ढोलपथकं आहेत. रात्रीच्या वाळवंटात साप बघत हिंडणारी मंडळी मात्र फार नसावीत, आणि हा त्यांच्यातला. पुण्यात शिकताना सर्पमित्रांबरोबर फिरायचा, ती खोड तिकडे गेल्यावर वाढली. जुलैत मी त्याच्याकडे होतो. त्या काळात दक्षिण ॲरिझोनात संध्याकाळी ढग भरून येतात, धुळीची भिंत उठते आणि तासाभरात पाऊस कोसळून जातो. तिथले लोक याला चक्क मान्सून म्हणतात. हवामान खात्याच्या हिशेबात तो १५ जून ते ३० सप्टेंबर चालतो. कोकणातल्या माणसाला तो पाऊस नव्हे, शिडकावा वाटेल. वाळवंटाला तेवढा पुरतो.

रात्री साडेआठच्या सुमारास फिनिक्सच्या पश्चिमेकडे एका दुपदरी रस्त्यावर भाच्याने गाडी मुंगीच्या पावलांनी हाकायला सुरुवात केली. साप शोधण्याची ही पद्धत तिकडे रुजवली ती लॉरेन्स क्लॉबर यांनी. सॅन डिएगोच्या वीज-गॅस कंपनीतला हा मोठा अधिकारी रात्री वाळवंटातल्या रस्त्यांवरून गाडी चालवत सापांच्या नोंदी करायचा. त्यातून पुढे रॅटलस्नेकवरचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९५६ मध्ये आला. आम्हाला आधी एक साइडवाइंडर जातीचा रॅटलस्नेक दिसला, मग गाडीखाली चिरडलेला एक लांबट साप. भुईसाप काही रस्त्यावर आला नाही. शेवटी गाडी लावून आम्ही एका वॉशमध्ये उतरलो. दगड उलटताना तो नेहमी पलीकडची कड वर उचलतो, म्हणजे खालचं जनावर पळालं तर विरुद्ध दिशेला पळेल. बऱ्याच वेळाने म्हणाला, “मामा, हा बघ. पण निराश होशील.”

तपकिरी. निव्वळ तपकिरी. टॉर्चच्या उजेडात खवल्यांच्या कडा जरा चमकल्या, बस.

“लाल मिळाला असता तर फोटो चांगला आला असता,” मी म्हटलं.

“सगळे तेच म्हणतात,” तो म्हणाला, आणि साप सरकल्यावर दगड होता त्याच खाचेत पुन्हा बसवला. दगड नीट बसला नाही तर खालची ओल उडून जाते आणि ते बिऱ्हाड मोडतं, असं त्याचं म्हणणं. ॲरिझोनात साप हाती धरून न्यायचा असेल तर शिकारीचा परवाना लागतो. हा नुसता बघतो.

लाल-काळ्या भुईसापाला भाव येतो त्याचं कारण दुसराच एक साप आहे. ॲरिझोनाचा कोरल साप, आपल्या पोवळ्याच्या नात्यातला, नागाच्या कुळातला. लाल, काळी आणि पिवळसर पांढरी कडी अंगभर. तोही लहानखुरा, लाजाळू, पण विष जहाल. डिवचला तर डोकं वेटोळ्यात लपवतो, शेपटी वर करतो आणि अवस्करातून हवा सोडून फटफट असा आवाज काढतो. शेपटी पुढे करून डोकं वाचवायची युक्ती आपल्याकडचा पोवळाही करतो. असल्या विषारी सापासारखं दिसलं तर आपणही वाचू, हा निरुपद्रवी प्राण्यांचा जुना डाव. हेन्री बेट्स यांनी ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून तो १८६२ मध्ये मांडला आणि आल्फ्रेड वॉलेस यांनी काही वर्षांतच कोरल सापांचं उदाहरण त्याला जोडलं.

यावर शंभर वर्षं एक आक्षेप घेतला जात होता. कोरल साप चावला तर पक्षी मरणार; मेलेला पक्षी धडा काय शिकणार? १९७५ मध्ये सुसान स्मिथ यांनी याचं उत्तर काढलं. मध्य अमेरिकेतल्या मॉटमॉट पक्ष्याची पिल्लं त्यांनी हाताने वाढवली. या पिल्लांनी कधी साप पाहिलाच नव्हता. त्यांच्यापुढे रंगवलेल्या लाकडी कांड्या ठेवल्या. हिरव्या-निळ्या कड्यांच्या कांडीवर पिल्लं चोची मारत. पिवळ्या-लाल कड्यांची कांडी दिसली की दूर पळत. धडा शिकायची गरजच नव्हती, भीती उपजत होती. या प्रयोगात आणखी एक गोष्ट आहे आणि भुईसापाच्या संदर्भात मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. तेच पिवळे-लाल रंग उभ्या रेघांमध्ये रंगवले, तर पिल्लं घाबरली नाहीत. मॉटमॉट काही ॲरिझोनात राहत नाहीत, तेव्हा हे जसंच्या तसं तिकडे लावता येणार नाही. तरी प्रश्न उरतोच: उभा लाल पट्टा घेऊन फिरणाऱ्या भुईसापाला त्या पट्ट्याचा उपयोग काय?

नकलेला भूगोलही असतो. डेव्हिड फेनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅरोलिना आणि ॲरिझोना या दोन्हीकडे प्लॅस्टिसिनचे खोटे साप करून रानात टाकले आणि दातांचे वण मोजले. जिथे खरे कोरल साप आहेत तिथे रंगीत नकलांना प्राण्यांनी टाळलं. जिथे नाहीत तिथे त्याच रंगांनी त्यांचा घात केला. हा निष्कर्ष २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. आता भुईसापाचा नकाशा काढा. ॲरिझोनाचा कोरल साप राज्याच्या दक्षिण-मध्य भागात, लगतच्या न्यू मेक्सिकोत आणि मेक्सिकोत; टेक्सासमध्ये त्याचा एक चुलतभाऊ. आयडाहोतल्या स्नेक नदीच्या खोऱ्यात शेकडो मैलांत कोरल साप नाही, आणि भुईसाप मात्र तिथेही पट्टे मिरवतो. मूळ नाटकच लागत नाही अशा गावात नक्कल करून काय मिळतं?

उत्तराचा एक मोठा तुकडा २०१६ मध्ये हाती आला. ॲलिसन डेव्हिस रॅबोस्की, ख्रिश्चन कॉक्स आणि डॅनियल रॅबोस्की यांनी अमेरिकेतल्या २,१७५ भुईसापांच्या रंगांची वर्गवारी केली. साप प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत बसणं अवघड, म्हणून त्यांनी उलटा रस्ता धरला: रानातल्या रंगांचं प्रमाण पाहायचं आणि कोणत्या आनुवंशिक मांडणीतून ते निघू शकेल हे तपासायचं. मेंडेलच्या वाटाण्यांइतकं सरळ उत्तर निघालं. लाल रंगाची जागा एक, काळ्याची दुसरी, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. लालही नाही आणि काळाही नाही, तर तपकिरी. फक्त लाल, तर उभा पट्टा. फक्त काळा, तर आडवे पट्टे. दोन्ही आले तर कोरल सापाची नक्कल. म्हणजे चांगली वठलेली नक्कल पुढच्याच पिढीत फुटू शकते: आई-बाप दोघेही लाल-काळे आणि पिल्लांत एखादं तपकिरी.

हे किती विचित्र आहे ते कळायला आपल्या परसात यावं लागतं. कढीपत्त्यावर आणि लिंबावर वाढणारं कॉमन मॉर्मन हे फुलपाखरू महाराष्ट्रात सगळीकडे दिसतं. त्याच्या माद्या बहुरंगी: काही नरासारख्या काळ्या, काही सापसंदीच्या वेलीवर पोसलेल्या विषारी ‘रोज’ फुलपाखरांची हुबेहूब नक्कल. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की ही सगळी नक्कल ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाच्या मुठीत आहे. सगळं एकत्र बांधलेलं असल्याने अर्धी नक्कल जन्माला येत नाही. भुईसापात असं गाठोडं नाही. म्हणूनच सापांमध्ये लाल-काळे रंग येतात, जातात, पुन्हा येतात, आणि फुलपाखरांपेक्षा कितीतरी जलद.

मग तपकिरी आणि उभ्या पट्ट्याचे टिकले कसे? कॉक्स आणि डेव्हिस रॅबोस्की यांनी २०१३ मध्ये याचा माग काढला होता. एकाच ठिकाणच्या पिल्लांत आणि मोठ्यांत रंगांचं प्रमाण वेगळं निघालं. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी रंग पाहून वेचत होतं. एकाच जागी वर्षांगणिक ही प्रमाणं वरखाली होत होती. एका प्रदेशातून दुसऱ्यात गेलं की ती एकदम बदलत, आणि तरी या प्रदेशांतले साप रक्ताने फारसे वेगळे नव्हते. यावरून जे चित्र दिसतं ते असं: शिकारी पक्षी-प्राण्यांची नजर नेहमी जे जास्त दिसतं त्यावर बसते. तपकिरी फार झाले की तपकिरीच मारले जातात, मग दुर्मीळ लाल वाचतो, वाढतो, आणि त्याची पाळी येते. कोणताही एक वेश कायमचा जिंकत नाही. कोरल सापाची नक्कल हा या खेळातला एक डाव आहे, पूर्ण खेळ नव्हे. मला हे पटतं, कारण आयडाहोचं कोडं त्याने थोडं सैल होतं.

नक्कल पक्ष्यांपुढे चालते, माणसापुढे उलटते. आपल्याकडे कवड्या साप मण्यारीसारखा दिसतो आणि त्याच गुन्ह्यासाठी घराघरांत मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होऊन शेपटीकडे विरतात, मण्यारीचे नेमके उलटे; पण रात्री मोरीत साप दिसला की हा धडा कोणाला आठवतो? अमेरिकेतही कोरल साप ओळखायला रंगांच्या क्रमाचं एक यमक मुलांना पढवतात. ॲरिझोनात ते दगा देतं, कारण लालाला पिवळा भिडलेला असा निरुपद्रवी सापही तिथल्या वाळूत आहे.

तो म्हणजे फावड्या नाकाचा साप. २०१८ मध्ये कॉक्स आणि सहकाऱ्यांनी याचं वेगळं कुळ मोडून त्याला भुईसापाच्याच ‘सोनोरा’ कुळात घातलं. याचं नाक चपटं, खालचा जबडा आत बसवलेला, त्यामुळे वाळूत घुसताना तोंडात कण जात नाहीत. जॉर्जिया टेकमधल्या डॅनियल गोल्डमन यांच्या प्रयोगशाळेने क्ष-किरणांनी पाहिलं तेव्हा तो वाळूखाली आपण पाडलेल्या नळीसारख्या वाटेनेच मागचं अंग ओढत जात होता, घसरण फारच कमी. २०१९ मध्ये त्याच गटाने या सापांना गालिच्यावरून खुंट्यांच्या रांगेतून पळवलं. साप खुंटीला आपटून वळण घेत नव्हता. तो आपली लाट तशीच चालू ठेवी आणि बाहेर पडताना ठरावीक कोनांतच पडे, जसा बारीक फटींमधून प्रकाश विखुरतो.

याच सापाच्या टूसॉनकडच्या उपजातीला संरक्षण मिळावं असा अर्ज २००४ मध्ये झाला. त्याला जी सपाट, भुसभुशीत जमीन हवी ती कापसालाही हवी होती आणि नव्या वसाहतींनाही. २०१० मध्ये सरकारने मान्य केलं की संरक्षण हवं, पण इतर कामं आधी. २०१४ मध्ये डीएनएच्या नव्या अभ्यासातून या उपजातीचा मुलूख समजत होतो त्यापेक्षा मोठा ठरला आणि अर्ज निकालात निघाला. शास्त्र बरोबर होतं. पण ज्या टूसॉनचं नाव त्याला आहे, तिथून तो जवळपास गेलेलाच आहे, आणि हे त्या निकालाने बदलत नाही.

भुईसापाच्या बाबतीत अशी धास्ती नाही. एकूण जात सुरक्षित आहे. अडचण मोजणीची आहे. रंगांची प्रमाणं वर्षांगणिक हलतात, तर ती वर्षानुवर्षं मोजत राहायला हवीत, आणि हल्ली ही मोजणी बरीचशी हौशी लोकांच्या फोटोंवर येऊन ठेपली आहे. कॅमेरा लाल-काळ्याकडे वळतो. तपकिरी दिसला तर लोक दगड ठेवून पुढे जातात. माझ्या भाच्याने त्या रात्री तपकिरीचेच तीन फोटो काढले, जागा आणि वेळ टाकून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवले आणि रंगाच्या रकान्यात लिहिलं: साधा.